चूळ भरायची कुठे?

गेल्या आठवड्यात आमच्या नातीच्या शाळेत दंततपासणी झाली. शाळा कोथरूडमधलीच, नाव सांगत नाही. सांगितलं तर पोरीला वर्षभर मागच्या बाकावर बसावं लागेल. दोन तरुण डॉक्टर, एक बॅटरी, लाकडी पट्ट्यांचा खोका आणि रांगेत उभे दुसरीचे चार वर्ग. आ कर, जीभ आत, झालं, पुढचा. नातीच्या म्हणण्याप्रमाणे तिचा नंबर 'मी नीट आ करायच्या आतच' संपला. संध्याकाळी दप्तरातून तीन गोष्टी निघाल्या : अंगठ्याएवढी टूथपेस्टची नळी, हसऱ्या दाढेचं चित्र असलेलं कार्ड आणि डॉक्टरकाकांना न घाबरल्याबद्दल मिळालेलं चॉकलेट. म्हणजे चॉकलेटचा कागद. ऐवज रिक्षातच संपला होता.

कार्डावर फक्त दोन आकडे होते : ८४, ८५. खाली शिक्का, 'दंतवैद्यास दाखवावे'.

या आकड्यांवर घरात अर्धा तास खल झाला. सुनेला वाटलं, टक्के असावेत. तिचा चेहरा क्षणभर खुललाही. मला जुन्या पीएमटीचे नंबर आठवले. मुलाने मोबाइलमध्ये बघतो म्हणून मोबाइल घेतला आणि तो क्रिकेटच बघत बसला. शेवटी आमच्याच इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. तोंडाचे चार कोपरे धरायचे. कायमच्या दातांसाठी त्यांना १ ते ४ आकडे, दुधाच्या दातांसाठी ५ ते ८. आठ म्हणजे खालची उजवी बाजू. मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की चौथी आणि पाचवी, या दुधाच्या दोन दाढा. दोन्ही किडल्यात.

"आणि हिच्या मागे बघा," बाई म्हणाल्या, "४६ आलीय. ही कायमची. हिच्या खाचेतही काळं दिसायला लागलंय."

४६ कार्डावर नव्हती. बॅटरीचा उजेड तिथपर्यंत पोचला नसावा, किंवा मागच्या पोराला घाई असावी.

या ४६ची गंमत अशी, की ती येते तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही. पुढचा दात पडला की घरात सोहळा असतो. आमच्या लहानपणी दात कौलावर फेकायचा आणि उंदीरमामाकडे नवा मागायचा. आता कोथरूडमध्ये कौलं राहिली नाहीत आणि अकराव्या मजल्यावरून वर फेकणार कुठे, म्हणून दात डबीत जातो आणि त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही पहिली कायमची दाढ कुणाचीही जागा घेत नाही. सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत, गुपचूप उगवते. एकही दात पडलेला नसतो, तेव्हा घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्या माथ्यावर खोल खाचा, ब्रश तिथवर जात नाही. जन्मभर चावायला हिनेच पुरायचं, आणि हिचीच वाट आधी लागते.

वर आपल्याकडे तयार शहाणपण : दुधाचे दात, पडणारच आहेत, कशाला खर्च करायचा? मी हे वाक्य स्वतः बोललो आहे, तेव्हा कुणाकडे बोट दाखवत नाही. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्यांचं एक काम चावण्याचं, दुसरं रुमालाचं. स्वारगेटला आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसा दुधाचा दात खालून येणाऱ्या दातासाठी जागा धरून बसतो. रुमाल वेळेआधी उचलला की शेजारचे सरकून बसतात. मग खरा मालक येतो आणि आडवा-तिडवा, मिळेल तिथे उभा राहतो. त्याला सरळ करायला तेराव्या-चौदाव्या वर्षी तारा. मुंजीनंतरचा हा पुढचा संस्कार कोथरूडमध्ये आता घरोघरी होतो, फक्त याला हप्ते असतात.

दंतवैद्यांची टंचाई म्हणावी तर तीही नाही. कर्वे पुतळ्यापासून निघालो आणि दवाखान्यांच्या पाट्या मोजायला घेतल्या. डहाणूकर कॉलनीचा फाटा यायच्या आत नाद सोडला. धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय, वडगावला सिंहगडचं, कॅम्पात रंगूनवालांचं. या महाविद्यालयांत सामाजिक दंतआरोग्याचा वेगळा विभागच असतो आणि त्यांचे विद्यार्थी शाळाशाळांतून शिबिरं घेत फिरतात. मनापासून घेतात, यात शंका नाही. पण शिबिर म्हणजे दाढ बघणं. बघून दाढ सुधारत नाही, नाहीतर आमच्या घरातला आरसा एव्हाना डॉक्टर झाला असता.

तपासणीला जोडून शाळेने 'दंत आरोग्य सप्ताह' साजरा केला. साजरा हा शब्द शाळेच्या परिपत्रकातला. घोषवाक्य स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, दाढ आणि कीड यांच्यावर नाटुकलं. नाटुकल्यात आमची नात कीड होती. उत्तम वठवली, अभिनय आतून आला होता. बक्षीस समारंभाला आम्ही आजी-आजोबा हजर. पहिलं बक्षीस मिळालेलं चित्र त्याच दिवशी व्हरांड्यातल्या बेसिनवर चिकटवलं गेलं. मोठ्ठं तोंड, पांढरेशुभ्र दात आणि खाली लफ्फेदार अक्षरांत 'जेवल्यावर चूळ भरा'.

समोशाचे हात धुवावेत म्हणून मी बेसिनपाशी गेलो. तीन नळ. तिन्हींना तोटी नाही. जिथे तोटी असायची तिथे लाकडाची खुंटी ठोकलेली आणि वरून चिंधी गुंडाळलेली.

शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, "पोरं पाणी उडवतात, काका. तोट्या हापिसात आहेत. तपासणीला कोणी आलं की लावतो."

शालेय दंतआरोग्य शिक्षणावर याहून नेमकं विवेचन मी वाचलेलं नाही.

आता सरकारी बाजू बघू, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कोथरूडच्या फी भरणाऱ्या शाळांवरच घसरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची देशव्यापी योजना आहे. अभिमानाने सांगायची गोष्ट म्हणजे तिचा नारळ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, पालघरला फुटला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा पथक येतं आणि जन्मतः असलेल्या व्यंगापासून वाढीतल्या अडचणींपर्यंत ३० गोष्टी तपासतं. त्या तिसात किडलेला दात आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. दंतवैद्य नसतो. दात कुणी बघायचा हा प्रश्न कागदावर सुटलेला आहे : पथकाने ओळखायचा आणि पुढे पाठवायचा. पुढे म्हणजे 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा'कडे. यातला 'शीघ्र' हा शब्द ज्याने घातला त्याला माझा नमस्कार. आठवड्याची मजुरी बुडवून, पोराला घेऊन, दोन बस बदलून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं, तेही पडणाऱ्या दातासाठी? हस्तक्षेप होतो तोवर दात स्वतःहून पडलेला असतो. केस निकाली.

मग फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्याचा नवा कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत. विषय अकरा. भावनिक आरोग्य आहे, पोषण-स्वच्छता आहे, व्यसनं आहेत, स्त्री-पुरुष समानता आहे, इंटरनेट जपून कसं वापरावं तेही आहे. सगळं हवंच. दाताला मात्र स्वतंत्र खुर्ची नाही. तो स्वच्छतेच्या मांडीवर बसून आलेला. आणि दूत कोण? तेच गुरुजी, ज्यांच्याकडे मतदारयादी आहे, खिचडीची नोंद आहे, आधार जोडणी आहे. आता त्यांनी वर्गातल्या पन्नास तोंडांत डोकवायचं. सकाळची तोंडं आहेत ती.

दाताला वलय नाही, ही खरी अडचण. म्हणून ३० मे २०२३ रोजी राज्य सरकारने 'स्वच्छ मुख अभियाना'साठी सचिन तेंडुलकरला पाच वर्षांसाठी दूत नेमलं. निवड चुकीची नाही. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखूची जाहिरात न करणारा माणूस आहे. (ज्या कोलाची त्याने नव्वदच्या दशकात जाहिरात केली, ती तेव्हा आमच्या मुलाच्या दातांना फार आवडायची, पण जुने सामने उकरून काढण्यात अर्थ नाही.) अभियानाचा संदेश पाच कलमी : दोनदा दात घासा, खाल्ल्यावर चूळ भरा, खाणं चांगलं ठेवा, तंबाखू टाळा, वर्षातून दोनदा दंतवैद्याला दाखवा. दुसरं कलम पुन्हा वाचा आणि वरची चिंधी आठवा.

किडीचं गणित काही गुप्त नाही. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, बारा वर्षांच्यांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्यांपैकी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले. म्हणजे दहावीपर्यंत आपली पोरं किडीत फर्स्ट क्लास मिळवतात. क्लास न लावता.

आणि हे का होतं, तेही १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टेफन नावाच्या अमेरिकी संशोधकाने मोजून दाखवलं. गोड तोंडात गेलं की दातावरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. काही मिनिटांतच आम्लता इतकी वाढते की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू निस्तरते, त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. म्हणजे प्रश्न किती खाल्लं याच्याइतकाच, किंबहुना जास्त, किती वेळा खाल्लं याचा. श्रीखंडाची वाटी एका बैठकीत संपवली तर एकदाच आम्ल. तेवढीच साखर दिवसभर चघळली तर दिवसभर.

आता आमच्या नातीचा दिवस लावून बघा. सकाळी चॉकलेटची पूड घातलेलं दूध. रिक्षात बिस्किट, कारण पोळी खाल्ली नाही. छोट्या सुट्टीत केक. मोठ्या सुट्टीत डबा. डब्याआधी हात जोडून श्लोक होतो, डब्यानंतर चूळ होत नाही. शेवटच्या तासाला कुणाचा तरी वाढदिवस. हा वाढदिवसाचा तास वेळापत्रकात छापलेला नसतो एवढंच. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस वाढदिवस, सुट्टीतले धरून; कारण मे महिन्यात जन्मलेली मुलं जूनमध्ये वसुली करतात. घरी आल्यावर पुन्हा बिस्किट, हे चहात बुडवून. चिकट पिठूळ लगदा दाढेच्या खाचेत बसतो आणि रात्री दात न घासता मुलगी झोपली की त्या लगद्याची रात्रपाळी सुरू. लाळेला बिचारीला दिवसभरात चहा प्यायलाही सुट्टी मिळत नाही.

साखरेबद्दल बोलायचं तर पुण्यात जपूनच बोलावं. शिवाजीनगरला साखर संकुल आहे, तिथे साखर आयुक्त बसतात. साखरेला आयुक्त आहे. दाताला अख्ख्या शहरात तोटीही नाही. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं, कशात किती चमचे साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून. आमच्या भागातल्या शाळांत फलक छान रंगवले गेले. राज्याने तर त्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये, शालेय पोषण आहारातल्या गोड पदार्थांच्या साखरेला पैसे देणं थांबवलं आणि खीर-नाचणी सत्त्व हवं असेल तर लोकवर्गणीतून करा म्हणून सांगितलं. दातांच्या काळजीपोटी? छे, तिजोरीच्या. सोबत अंड्याचेही पैसे गेले, आणि अंड्याने आजवर कुणाचा दात किडवल्याचं ऐकिवात नाही. मग २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मी पेढे वाटणार होतो. तेवढ्यात कळलं, चॉकलेट आणि बिस्किटंही त्याच दिवशी १८ वरून ५ वर आली. समन्याय म्हणतात तो हा. कीडही स्वस्त, उताराही स्वस्त.

उताऱ्यातही आमच्या कोथरूडच्या खोड्या आहेत. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट असते. मुलाला वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्टमधलं फ्लोराइड किडीशी लढतं, आणि नेमकं तेच आमच्या ग्रुपवरच्या आजोबांना विष वाटतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, हाडं वाकतात, हे खरंच आहे. पण आपण खडकवासल्याचं पाणी पितो, जमिनीखालचं नाही. तरी कोथरूडकर नातवाला 'केमिकल नसलेली' पेस्ट आणतो आणि कीड निर्धास्त होते. आणि रात्री घासल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. हे मी घरात सांगितलं तेव्हा बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पंक्तीत चपला घालून बसलोय. पाच तांब्या पाणी आणि सगळी सोसायटी जागी होईल असा खाकरा, त्याशिवाय तोंड धुतलं असं आमच्यात मानत नाहीत.

आमची आजी तर मिश्री लावायची. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो वास अजून नाकात आहे. तिला कुणी 'तुम्ही तंबाखू खाता' म्हटलं असतं तर तिने त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता. ती तर दात स्वच्छ करायची! शाळेत 'तंबाखू खाऊ नये' हा धडा मला पाठ होता. घरात कुणीच खात नव्हतं, फक्त लावत होते. धडा आणि घर यांची गाठच पडली नाही.

म्हणून शिकवण्यावर माझा फार भरवसा नाही. फिलिपिन्समध्ये २००६ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या मुलांपैकी ९७ टक्क्यांचे दात किडलेले निघाले. आपण असतो तर राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा घेतली असती. त्यांनी शाळेत रोज दात घासायला लावले. वर्गच्या वर्ग बाहेर येतो, फ्लोराइडची पेस्ट लावलेला ब्रश, बाई समोर उभ्या, सगळे मिळून घासतात. साबणाने हात धुणंही तसंच, एकत्र. सहा महिन्यांनी जंताची गोळी. बेसिन नाही तिथे साध्या पाइपला ओळीने भोकं पाडली आणि पाइप आडवा टांगला. एक नळ सोडला की पंधरा-वीस पोरांना धार. दंतवैद्य नाही, नाटुकलं नाही, दूत नाही. आपल्याकडे प्रत्येक प्लंबरला हे भोक पाडता येतं. मांडवात पाण्याचे फवारे लावणारे तर डोळे मिटून पाडतील. पण भोक पाडल्याचा फोटो काय येणार? उद्घाटनाला फीत कुठे बांधणार?

मी हा पाइपचा विषय पालकसभेत काढला. एक आई म्हणाल्या, ब्रश एकमेकांचे बदलले तर? दुसऱ्या बाबांनी विचारलं, शाळेत घासल्यावर घरीही घासायचे का? बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, मोठी सुट्टी वीस मिनिटांची. अठ्ठेचाळीस मुलं. तुम्ही सांगा, श्लोक गाळू की डबा?" मला उत्तर आलं नाही. बाईंचं काही चुकत नव्हतं. सभेच्या शेवटी सूचना वहीत नोंदवली आणि पुढच्या वर्षी सप्ताह अधिक व्यापक करायचं ठरलं.

८५ भरून घेतली, ८४ काढावी लागली, तिच्या जागी रुमाल म्हणून तारेची एक कडी बसवली. ४६च्या खाचांत काहीतरी भरून त्या बुजवल्या. बिलाचा आकडा मात्र दोन अंकी नव्हता.

येत्या शुक्रवारी नातीचा वाढदिवस. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "यंदा आपण चॉकलेटं नको वाटूया. शाळेला तीन तोट्या भेट देऊ. पितळी, छान चकचकीत. पौड रोडला हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तुझं नाव कोरून घेऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरले. "आजोबा, वर्गात सगळे मला तोटी म्हणतील," म्हणाली आणि भोकाड पसरलं. तोंड पूर्ण उघडं होतं. ४६ स्वच्छ दिसली.

अठ्ठेचाळीस चॉकलेटं, बाईंसाठी दोन मोठी, शिपाईमामांसाठी एक. दुकानदाराने बिल दिलं. जीएसटी पाच टक्के.